मिळकत बेताची असताना प्रवासाचे क्रेडिट कार्ड निवडताय? या चुका टाळा

खर्चावर पॉइंट (म्हणजे पुढे तिकिटे वगैरेंसाठी वापरता येणारे बक्षीस-गुण) देणारे क्रेडिट कार्ड बेताच्या मिळकतीतही प्रवासाला हातभार लावू शकते. मात्र बहुतेकांची पहिली चूक अर्ज भरण्याआधीच झालेली असते. फुकट विमानतिकिटाची जाहिरात पाहून कार्ड घेतले जाते आणि मग त्या कार्डाला साजेल असा खर्च शोधला जातो. गेल्या सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट समोर ठेवून, आपल्या नेहमीच्या खर्चापैकी कार्डाने भरता येण्याजोगा भाग किती, हे आधी काढावे. घरभाडे, इंधन, वॉलेटमध्ये भरलेले पैसे अशा खर्चांवर अनेक कार्डे पॉइंट देतच नाहीत, म्हणून ते त्यातून वगळावेत.

समजा, हा भाग दरमहा 20,000 भरला आणि पॉइंटचे मूल्य खर्चाच्या 1 टक्का पडले, तर वर्षाला 2,400 हाती येतात. त्या कार्डाचे वार्षिक शुल्क 3,000 असेल, तर एकही चूक न करता तुम्ही 600 ने तोट्यात आहात. अशा वेळी कमी पॉइंट देणारे पण शुल्क नसलेले कार्डच मला अधिक शहाणपणाचे वाटते. विमानतळावरच्या लाउंजची (आरामदायी प्रतीक्षा-कक्षाची) सोयही हिशेबात धरू नये, कारण वर्षातून एकदा प्रवास करणाऱ्याला ती एकदाच लाभते, आणि बऱ्याच कार्डांवर तिलाही खर्चाची अट असते.

वेलकम बोनससाठी, म्हणजे नवे कार्ड घेतल्यावर मिळणाऱ्या जादा पॉइंटसाठी, ठरावीक मुदतीत मोठा खर्च करावा लागतो. ती रक्कम नेहमीच्या खर्चातून गाठता येत नसेल, तर तो बोनस आपल्यासाठी नाही, असे समजावे.

सर्वांत महाग पडते ती ‘किमान देय रक्कम’, म्हणजे बिलाचा बँकेने ठरवलेला छोटासा भाग, तेवढीच भरून निश्चिंत होण्याची चूक. महिना 3 टक्के व्याजाने 10,000 ची थकबाकी पुढे गेली, तर पहिल्याच महिन्यात साधारण 300 व्याज लागते. त्याच 10,000 च्या खर्चावर मिळालेले पॉइंट मात्र 100 चेच असतात. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सहसा मिळत नाही, म्हणजे त्या महिन्यातल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज धावू लागते. पूर्ण बिल दर महिन्याला फिटेल याची खात्री नसेल, तर कार्ड घेणे सरळ पुढे ढकलावे. घेतलेच असेल, तर ऑटो-डेबिट लावताना ‘संपूर्ण रक्कम’ हाच पर्याय निवडला आहे ना, हे तपासावे.

परदेशी चलनातल्या खर्चावर अनेक कार्डे 2 ते 3.5 टक्के मार्कअप (जादा आकार) लावतात, म्हणजे 1 टक्क्याचे पॉइंट तिथेच बुडतात. तिथल्या दुकानदाराने रुपयांत पैसे घेऊ का असे विचारले, तर नकार देऊन तिथल्याच चलनात द्यावेत, कारण त्यांच्या रूपांतराचा दर सहसा अधिक वाईट असतो. कार्डाने रोख रक्कम काढणे तर टाळावेच, कारण तिच्यावर शुल्कही लागते आणि व्याजही त्याच दिवसापासून सुरू होते.

चुकीचे कार्ड आधीच हाती आले असेल, तर वार्षिक शुल्क लागण्यापूर्वी बँकेकडे शुल्कमाफी मागावी. ती नाकारली गेल्यास त्याच बँकेच्या बिनशुल्क कार्डात बदल करून मिळेल का, हे विचारावे. कार्ड बंदच करायचे ठरले, तर साठलेले पॉइंट आधी वापरून घ्यावेत, कारण खाते बंद होताच ते बहुधा रद्द होतात, आणि शून्य थकबाकीचे लेखी पत्र मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.