जंगलातल्या मातीवर काम सुरू करताय? आधी पाचोळ्याचे थर हाताने उलगडून बघा

मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काम करायला येणाऱ्या ज्युनिअर्सना पहिलं टेन्शन लॅबचं असतं, कुठलं मशीन, डीएनए कसा काढायचा वगैरे. मला विचाराल तर निम्मं काम जंगलातच ठरतं, तिथे चुकलं की पुढे लॅबमध्ये कितीही राबलात तरी भरून निघत नाही.

हातभर चौकोन आखा, गुडघे टेकून बसा आणि एकेक थर उचला. वर सुटी पानं, ज्यांच्यावरून झाड ओळखता येतं. त्याखाली तुकडे झालेली, एकमेकांना चिकटलेली ओलसर पानं, त्यांच्यामधून पांढरे बारीक धागे गेलेले दिसतात ती बुरशी, आणि एखादं पान असं मिळतं की सगळा गर खाल्ला गेलाय, नुसती शिरांची जाळी शिल्लक. ते पान जरा वेळ हातात धरून बघाच, कुजणं म्हणजे काय ते तिथे दिसतं. शिरांना कडक करणारं लिग्निन पचवणं फार थोड्यांना जमतं, मुख्यतः व्हाइट रॉट नावाच्या बुरशींना, म्हणून शिरा मागे राहतात. त्याखाली काळा भुगा, चोळला की बोटं काळी होतात पण खरखर लागत नाही. खरखर लागली की खनिज माती सुरू झाली. प्रत्येक थराची वेगळी पिशवी करा, कारण भुगा जवळजवळ सगळा सेंद्रिय असतो आणि खालच्या मातीत सेंद्रिय कर्ब बऱ्याचदा काही टक्केच, थोडी जरी सरमिसळ झाली तरी आकडा कुठल्या कुठे जातो. उष्ण दमट जंगलात किंवा गांडुळं भरपूर असतील तिथे हा भुगा सापडतही नाही, पाचोळ्याखाली थेट माती लागते, तर तो उगाच शोधत बसू नका.

माझी स्वतःची मोठी चूक सांगते. शेतीच्या माती परीक्षणाची सवय होती, म्हणून मी सगळे सॅम्पल सावलीत वाळवले, मग ओले करून श्वसन मोजलं, म्हणजे मातीतले जीव किती कार्बन डायऑक्साइड सोडतात ते. तो इतका आला की मी खूश, वाटलं काय जिवंत माती आहे! खरं तर वाळताना बरेच सूक्ष्मजीव मेले होते आणि पाणी मिळताच वाचलेल्यांनी त्यांचाच फडशा पाडला होता. याला बर्च इफेक्ट म्हणतात, 1958 पासून माहीत असलेली गोष्ट, मला तो सीझन गमावून कळली. सूक्ष्मजीवांसाठीची माती ओलीच ठेवायची, 2 मिमी चाळणीतून काढून 4 अंशांवर, आणि लवकरात लवकर वापरायची. वाळवलेली फक्त कर्ब, पीएच असल्या गोष्टींना.

कर्ब मोजण्यासाठी बहुतेक ठिकाणी वॉकली-ब्लॅक पद्धतच करायला लावतात. शेतातल्या मातीएवढं वजन इथे घेऊ नका, कर्ब जास्त असला की त्याच्याशी क्रिया करणारं डायक्रोमेट हे रसायन संपतं, फ्लास्क नारिंगीचा हिरवा होतो आणि रीडिंग कमी येतं. हिरवा दिसला की कमी माती घेऊन परत करा. सूक्ष्मजीवांचं वस्तुमान काढायला क्लोरोफॉर्मची 24 तास धुरी देऊन त्यांना मारतात आणि त्यांच्यातून सुटलेला कर्ब मोजतात, त्यात इथेनॉल नसलेलंच क्लोरोफॉर्म लागतं, नाहीतर इथेनॉलचा कर्ब सूक्ष्मजीवांच्या नावावर जमा होतो. आणि फ्यूम हूडशिवाय (विषारी वाफा बाहेर ओढणारं लॅबमधलं कपाट) बाटली उघडायचीच नाही. उत्तर साधारण एकूण सेंद्रिय कर्बाच्या 1 ते 4 टक्के येतं, म्हणजे एवढे मूठभर जीव सगळा पाचोळा पचवतात.

नत्राचं गणित मात्र नीट समजून घ्या. सूक्ष्मजीवाच्या शरीरात कर्ब-नत्र गुणोत्तर 8 च्या आसपास, पाचोळ्यात 50 किंवा जास्तही, म्हणून सुरुवातीला सूक्ष्मजीव नत्र मातीतूनच ओढून घेतात आणि गुणोत्तर 25 च्या खाली आल्यावर सोडायला लागतात. म्हणजे ताज्या पाचोळ्याखालच्या मातीत नायट्रेट (नत्राचं एक रूप) कमी आलं तर लगेच सॅम्पल खराब समजून फेकू नका.

वहीत तारीख, उतार, वरचं झाड आणि शेवटचा पाऊस कधी पडला ते जागेवरच लिहा. पावसानंतर दुसऱ्या दिवशीची माती आणि पंधरा दिवसांनंतरची माती यांचं श्वसन एकसारखं येत नाही.