पाणी साठवताना, पाजताना या चुका टाळा

डेंगीचे डास होऊ नयेत म्हणून पाण्याचं टिपाड (पिंप) रिकामं केलं की झालं, असं म्हणणाऱ्यांचा मला आता राग येत नाही, कंटाळा येतो. राग यायचा हक्कही नाही म्हणा. गावोगाव आरोग्यसेविका म्हणून फिरताना मीही वर्षानुवर्षं एवढंच सांगत होते: आठवड्यातून एकदा पाणी ओता, कोरडा दिवस पाळा.

मग लातूरच्या औसा तालुक्यातल्या एका घरात दोन्ही लेकरांना डेंगी निघाला. घर असं, की चुलीपुढं सांडलेलं पीठ दिसायचं नाही. माय म्हणाली, "दर शुक्रवारी वतते की बाई, अजून काय करू?" टिपाडात बॅटरी मारली तर अळ्या वळवळत होत्या.

ती खोटं बोलत नव्हती. टिपाड उपडं करायची अन् लगेच भरायची. डेंगीच्या डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या जरा वर, आतल्या भिंतीला. ती तिथंच चिकटून बसतात, कोरडी राहिली तरी महिनोन्महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. त्यानंतर आठ-दहा दिवसांत डास तयार. आम्ही पाणी फेकत होतो अन् अंडी जपत होतो.

त्यात आपल्याकडं 'पाणी ओता' म्हणायला तोंड धजत नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस इथं कोण विसरलंय? म्हणून मी नळाचा किंवा टँकरचा दिवस धरते. पाणी तळाला गेलेलंच असतं. ते झाडाला घालायचं, काथ्या अन् राख घेऊन आतली भिंत काठापर्यंत खसाखसा घासायची, टिपाड उन्हात उपडं ठेवायचं, मग भरायचं. तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं दोरीनं आवळायचं, झाकणं वाकडीच असतात. रांजण अन् कूलरलाही हेच. "धुराची गाडी कधी येणार?" असं विचारणाऱ्यांनी आधी काथ्या हातात घ्यावा. धुरानं उडता डास मरतो, पाण्यातली अळी नाही.

तुरटीनं गाळ बसतो, पण जंतूही मरतात असं धरून चालू नका. क्लोरीनचं औषध टाकलं तर पिण्याआधी अर्धा तास थांबा. जारचं पाणी गार असतं, म्हणून ते स्वच्छ असतंच असं नाही. ऊन लागून बेशुद्ध पडलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून छातीत जाईल. अंग ओलं करा, वारा घाला अन् दवाखाना गाठा.

जुलाबात घाई नडते. ओआरएसचा, म्हणजे पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या पुडीचा, मोठा पुडा एक लिटर पाण्यासाठी असतो. लोक तो पेल्यात ओततात, "घट्ट केलं की लवकर गुण येतो" म्हणून. ती काय आमटी आहे? मीठ जास्त झालं की लेकराची तहान भडकते, जुलाब वाढतात, जिवावरही बेतू शकतं. मी लिटरची बाटलीच पुढं ठेवते. चमच्या-चमच्यानं पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. उरलेलं २४ तासांनी फेका. दुकानातली गोड खोकी ओआरएस नव्हेत; तसल्या पेयांवर तो शब्द छापायला २०२५ मध्ये मनाई झाली.

अन् जुलाबात ओआरएससोबत द्यायच्या झिंकच्या गोळ्या १४ दिवसांच्या असतात, जुलाब थांबले तरी पुऱ्या करायच्या. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात, अन् महिन्यानं घरी गेलं की देवळीत ११ गोळ्या तशाच सापडतात.