उन्हाळ्यात पालक नको, मायाळू लावा

मार्च सरला की नागपुरात घरच्या कुंडीतला पालक तुरा काढून बसतो. पानं बारकी होतात, देठ दोरीसारखे. हिरव्या जाळीखाली ठेवून, दोन वेळा पाणी घालून त्याला वाचवण्यात मी कितीतरी उन्हाळे घालवले. पालक थंडीतलाच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, २०१३ च्या मेमध्ये तर ४७.९ वर गेला होता. अशा गावात उन्हाळ्याची पालेभाजी म्हणजे मायाळूचा वेल, हे माझं आता ठाम मत झालं आहे.

पहिली काडी मला शेजारच्या बंगाली काकूंनी दिली. त्या त्याला पुईशाक म्हणतात आणि लाल भोपळ्यासोबत शिजवतात. तुम्हीही शक्यतो काडीच मागून आणा. वीतभर लांबीची, दोन-तीन पेरांची काडी घ्या, खालची पानं काढा आणि ग्लासभर पाण्यात उभी करा. आठ-दहा दिवसांत पाण्यातल्या पेराशी पांढरी मुळं दिसू लागतात. बी टाकायचं असेल तर रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, कारण त्याचं कवच टणक असतं. तरीही उगवायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. हिरव्या देठाचा आणि लाल देठाचा असे दोन्ही मायाळू खायला चांगले. माझ्याकडे लाल आहे, कोवळ्या पानाची शीरसुद्धा गुलाबी असते.

लावायची वेळ फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आधी मुळं खोल गेलेली हवीत. मायाळूला ऊन आवडतं हे खरं, पण म्हणून कुंडी पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. तिथे दुपारून भिंत तापते आणि कुंडीतली मुळं भाजतात. पूर्वेला लावा, सकाळचं ऊन भरपूर मिळू द्या. ऐन मेमध्ये त्याची वाढ थोडी मंदावते, पाऊस पडला की मात्र वेल आवरत नाही.

आपली नुसती काळी माती कुंडीत भरू नका. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसात तिचा चिखल होतो. मी दोन घमेली काळी माती, एक घमेलं कन्हान नदीची रेती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळते. कुंडी हातभर खोल असावी. रंगाची रिकामी बादली स्वच्छ धुऊन, बुडाला भोकं पाडून घेतली तरी चालते.

पाण्याच्या बाबतीत माझी एक चूक सांगते. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून मी रोज वेलाला घालायची. तीन आठवड्यांत मातीवर पांढरा थर आला आणि पानांच्या कडा करपल्या. कूलरमध्ये पाणी उडत जातं, क्षार मागे राहतात, आणि ते सगळे कुंडीत गेले होते. दोन दिवस साधं पाणी भरपूर ओतून माती धुऊन काढली, तेव्हा नवी पानं नीट आली. उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी बुडाशी पाणी द्या, वर वाळकं गवत अंथरा. माती वारंवार सुकली तर वेल लवकर फुलावर येतो आणि पानं कडवट लागतात.

मायाळूला काकडीसारखे ताणे नसतात, त्याचा देठच आधाराला वेढे घेत चढतो. म्हणून जाड पाइप उपयोगाचा नाही. खिडकीच्या गजाला सुतळ्या बांधून खाली सोडा. लोखंडाची जाळी उन्हात तापते, ती टाळा.

वेल कमरेएवढा झाला की शेंडा खुडा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, पेराच्या जरा वर, कोवळे शेंडे कापत राहा. पावसाळ्यात पानांवर जांभळट कडेचे गोल ठिपके येतात. ती बुरशी आहे. अशी पानं लगेच काढून फेका, संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका.

आता स्वयंपाक. पान मोडलं की चिकट तार सुटते, त्यामुळे काही जण नाक मुरडतात. आंबट घातलं की चिकटपणा जाणवत नाही. मी डाळभाजीत पालकाऐवजी मायाळूच घालते: तूरडाळ, थोडी चणाडाळ, शेंगदाणे, आंबट चुका, वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. चुका नसेल तेव्हा चिंचेचा कोळ. मोठी पानं बेसनात बुडवून भजी करा, ओवा विसरू नका. मुतखड्याचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून खा, पालकासारखंच यातही ऑक्सलेट असतं.

दिवाळीनंतर वेलाला काळी-जांभळी फळं धरतात. पिकली की चोळून बी काढा, हात दोन दिवस जांभळे राहतील. बी सावलीत वाळवा. डिसेंबरच्या थंडीत वेल मान टाकतो, म्हणून त्याआधीच दोन काड्या कापून स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्यात ठेवा. मार्चमध्ये त्याच कुंडीत लावता येतात.