पीसीपी रायफलची हवा उतरतेय? आधी जागा शोधा, मग पाना उचला

पीसीपी म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबाने हवा भरून ठेवलेली छर्ऱ्याची रायफल. रात्री तिच्या गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्यावर, 200 बार होते आणि सकाळी 187. एवढ्यावरून रायफल खोलायला बसू नका. 35 अंशांच्या खोलीत भरलेले 200 बार 15 अंशांना साधारण 187 वर येतात, आणि त्यात कणभरही हवा गळलेली नसते. शिवाय भरताना हवा तापते, त्यामुळे पहिल्या तासाभरात काटा पाच-दहा बार खाली येणं ठरलेलंच. म्हणून भरल्यावर तासभर थांबा, काट्याच्या टोकाशी काचेवर बारीक पेनाने खूण करा आणि 24 तासांनी त्याच तापमानाला पुन्हा बघा. खूण आणि काटा वेगळे झाले असतील तरच पुढचं वाचा.

गळती किती मोठी आहे याचाही अंदाज घ्या. 200 सीसीच्या सिलिंडरमध्ये 200 बार म्हणजे बाहेरच्या दाबाने मोजल्यास सुमारे 40 लिटर हवा. दिवसाला 10 बार उतरत असतील तर 2 लिटर निसटते, मिनिटाला जवळपास दीड मिली. म्हणजे 3 मिमी व्यासाचे शंभरेक बुडबुडे. ते लगेच डोळ्यात भरतात. दिवसाला एकच बार उतरत असेल तर मिनिटाला दहाच. अशी गळती फेस लावून दोन सेकंद बघणाऱ्याला सापडत नाही. प्रत्येक जागेवर निदान दोन मिनिटं नजर ठेवावी लागते.

जागा शोधताना

मॅगझिन काढा, नळीत छर्रा नाही याची खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर भांड्यांचा द्रव साबण हळूच ढवळा. फेस आधीच झाला तर खरे बुडबुडे त्यात हरवतात. मऊ ब्रशने तो एकेका सांध्यावर लावा. पुढचा क्रम बहुतेक रायफलींना चालतो.

पहिलं, भरायचं निपल, म्हणजे पंप जोडायचं तोंड. टोपी काढून तोंडात एक थेंब टाका. थेंब फुगायला लागला तर आतला चेक व्हॉल्व्ह (हवा फक्त आत जाऊ देणारी झडप) गळतोय. कारण बहुधा धूळ किंवा वाळूचा कण असतो. पंप जोडून एक जोरदार फुंकर दिली की अनेकदा कण उडून जातो; म्हणूनच टोपी लावायचा कंटाळा करू नये. ज्या रायफली प्रोब (हवा भरायची पोकळ कांडी) घालून भरतात, त्यात प्रोबच्या ओ-रिंगमधून (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यातून) फक्त भरताना हवा जाते. नुसत्या पडून असलेल्या रायफलीची हवा उतरायला ती जबाबदार नसते.

दुसरं, गेज. त्याच्या बुडाच्या आट्यांभोवती बघा, आणि काचेच्या कडेलाही. कडेतून हवा येत असेल तर गेजच्या आतली नळी फुटली आहे. अशा गेजची दुरुस्ती करू नका, बदला.

तिसरं, सिलिंडरची दोन्ही टोकं आणि जिथे स्क्रू आत जातो ती प्रत्येक जागा.

चौथं, रेग्युलेटर (व्हॉल्व्हकडे जाणारा दाब ठरावीक ठेवणारा भाग) असेल तर सिलिंडरच्या बाजूला असलेलं बारीक छिद्र. हे व्हेंट छिद्र. त्यातून बुडबुडे आले तर रेग्युलेटरची एखादी ओ-रिंग गेली आहे.

पाचवं, नळीचं तोंड. हॅमर (व्हॉल्व्हवर आपटून तो उघडणारा भाग) मागे ओढून बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) बंद करा, सेफ्टी लावा. नळीवर रबरी हातमोज्याचं कापलेलं बोट बसवा आणि अर्धा तास थांबा. ते फुगलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (नळीत हवा सोडणारी झडप) घट्ट बसत नाही. मग एक बारीक परीक्षा: हॅमर सोडलेला असताना हवा गळते, पण मागे ओढला की थांबते का? तसं असेल तर व्हॉल्व्ह ठणठणीत आहे. हॅमरच त्याच्या दांडीवर टेकून त्याला किंचित उघडा धरतोय. हॅमरच्या स्प्रिंगचा ताण कमी केला की काम झालं. ही परीक्षा न करता व्हॉल्व्ह बाहेर काढणारे बरेच असतात.

काट्याच्या वागण्यातूनही इशारा मिळतो. भरपूर दाबाला हवा टिकते आणि दाब उतरल्यावर गळते, तर बहुधा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा चेक व्हॉल्व्ह, कारण दोन्ही हवेच्याच जोराने घट्ट बसतात. उलट, फक्त जास्त दाबाला गळत असेल तर ओ-रिंग फटीत ढकलली जात असण्याचा संशय घ्या.

रिकामी करणं

आतला दाब पूर्ण काढल्याशिवाय एकही स्क्रू हलवायचा नाही. डिगॅस स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तो पाव-पाव फेऱ्याने उघडा. नसेल तर छर्रा न घालता चाप ओढून रिकाम्या फैरी झाडत रहा, जोवर हॅमरचा नुसता टक् आवाज येत नाही तोवर. गेजचा काटा शून्यावर आला म्हणजे सिलिंडर रिकामं, असं धरू नका. लहान गेज खालच्या टोकाला खोटं बोलतात आणि रेग्युलेटरच्या पलीकडच्या पोकळीतली हवा सिलिंडरच्या गेजवर दिसेलच असं नाही. सैल व्हायला हवा तो भाग अचानक घट्ट लागला तर आत दाब आहे. थांबा. सिलिंडरच्या टोकासमोर चेहरा कधीच नको.

हवा एकदम सोडू नये याला आणखी एक कारण आहे. दाबाखाली रबरात हवा मुरते. दाब झटकन गेला की ती आतून फुगते आणि ओ-रिंगला फोड येतात किंवा चिरा पडतात. दिवसभरात फुगलेली ओ-रिंग पुन्हा आकाराला येते, पण चिरलेली चिरलेलीच राहते.

ओ-रिंग

बहुतेक गळत्या शेवटी इथेच येतात. ओ-रिंग काढायला पितळेची किंवा प्लास्टिकची टोकदार काडी वापरा. लोखंडी सुईने खाचेच्या तळाला ओरखडा गेला तर नवीन ओ-रिंगसुद्धा गळणार, आणि मग दोष ओ-रिंगला दिला जाणार. काढलेली ओ-रिंग नखावर फिरवून बघा: एका बाजूला सपाट झालेली, कडेला चावल्यासारखी, की फोड आलेली? सपाट म्हणजे वय झालं. चावलेली म्हणजे बसवताना एखाद्या छिद्राच्या किंवा आट्यांच्या धारेवर कापली गेली. तिथली धार बारीक पॉलिश पेपरने मारल्याशिवाय पुढचीही कापली जाणार.

नवीन घेताना जुनीचं माप घेऊ नका, ती फुगलेली किंवा दबलेली असते. डिजिटल व्हर्निअरने खाचेची रुंदी, खोली आणि तळाचा व्यास मोजा, आणि आतला व्यास व जाडी अशी जोडी ठरवा. बसल्यावर ओ-रिंग तिच्या जाडीच्या 10 ते 20 टक्के दबली पाहिजे. दाबाच्या जागी 90 शोअर कडकपणाची नायट्राइल किंवा पॉलियुरेथेन लागते. 70 शोअरची मऊ ओ-रिंग ब्रीचमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी) चालते, पण 200 बारखाली ती फटीत ढकलली जाऊन कुरतडली जाते.

बसवण्यापूर्वी खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आट्यांवरून ओ-रिंग न्यायची असेल तर आट्यांवर चिकटपट्टीचा एक वेढा द्या. शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा. चमकण्यापुरता, लोण्यासारखा नाही. साधं यंत्रतेल किंवा पेट्रोलियम ग्रीस हवेच्या मार्गात कधीही नको. हवा झपाट्याने दाबली गेली की ती तापते, आणि अशा हवेत हे तेल पेट घेऊ शकतं. त्याच कारणाने ऑक्सिजन तर अजिबात भरायचा नाही. कोरडी हवा किंवा नायट्रोजन, एवढंच.

ओ-रिंगने बंद होणाऱ्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचे तुकडे सुटून व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात आणि एक गळती बुजवताना दुसरी तयार होते.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह

नळीतून हवा येत असेल तर खोलण्याआधी भरलेल्या रायफलीतून पाच-सहा रिकाम्या फैरी झाडून बघा. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेवर, बसलेला कण त्यानेच उडतो. नाहीच जमलं तर व्हॉल्व्ह काढा. दांड्यावरचं प्लास्टिकचं डोकं आणि धातूची सीट, दोन्ही भिंगाखाली बघा. डोक्यावर सीटची बारीक, अखंड गोल रेघ दिसली पाहिजे. रेघ एका जागी तुटलेली असेल किंवा तिथे कण रुतलेला असेल तर गळतीची जागा तीच. कण काढा, डोकं पॉलिश पेस्टने हळुवार घासा आणि पेस्टचा अंश पूर्ण धुऊन टाका. सीटला मात्र ग्राइंडिंग पेस्ट लावू नका. सीट रुंद झाली की हवेचा जोर जास्त जागेत विभागला जातो आणि व्हॉल्व्ह आणखी गळतो. खोल खळगा असेल तर डोकंच बदला.

रेग्युलेटर

वॉशरचा गठ्ठा काढताना प्रत्येक वॉशर कोणत्या बाजूला वाटीसारखा आहे याचा फोटो घ्या. एक उलटा बसला तरी दाबाची मांडणी बदलते. पिस्टनवरची आणि बॉडीवरच्या ओ-रिंग सगळ्या एकदम बदला. व्हेंट छिद्र बुजवून "गळती थांबवण्याची" युक्ती सर्रास सांगितली जाते. ती करू नका: आतल्या वॉशरच्या जागेत दाब भरतो आणि ठरवलेला दाब सरकतो.

सिलिंडरच्या आत गंजाचे खळगे दिसले तर तो वापरातून काढा. घासून ते जात नाहीत, फक्त भिंत पातळ होते.

पुन्हा भरताना

रिकाम्या रायफलीत हॅमर व्हॉल्व्हला टेकून उघडा धरू शकतो, म्हणून आधी हॅमर मागे ओढा, सेफ्टी लावा, मगच पंप जोडा. पहिले 50 बार भरून थांबा आणि साबण लावा. टिकले तर 100, मग हळूहळू पूर्ण दाब. हवा हळू भरली तर ओ-रिंग खाचेतून न उचलता बसते. तासाभराने नवीन खूण करा आणि 24 तासांनी वाचा. जुन्या खुणेशी तुलना करायला तीही पुसू नका.