जुनी एमएक्स-५ घेताय? आधी टपाचं पाणी कुठे जातं ते बघा

इथे यूकेत कमी पैशात टू-सीटर हवी म्हटली की फिरून फिरून आपण माझदा एमएक्स-५ वरच येतो. इंजिनाचं फार टेन्शन घेऊ नका, ते दणकट आहे, ही गाडी मरते ती पत्र्याने. सगळे जण हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाला शिव्या घालतात आणि ते खोटं नाहीच, पण पहिल्या दोन मॉडेलांत, म्हणजे १९८९ ते १९९७ ची पॉप-अप लाइटवाली एनए आणि १९९८ ते २००५ ची एनबी, दाराखालचे सिल, म्हणजे पत्र्याचे लांब पोकळ पट्टे, मागच्या बाजूला आतून सडतात आणि ते पाणी येतं वरून, टपावरून.

होतं असं की सॉफ्ट-टॉपवर, म्हणजे उघडमीट होणाऱ्या कापडी टपावर, पडलेला पाऊस मागच्या काचेखालच्या पन्हळीत जमतो, तिथून दोन्ही बाजूंना सीटबेल्टच्या मागे एकेक नळी आहे तिच्यातून खाली जाऊन मागच्या चाकाच्या जरा पुढे बाहेर पडतो. पानं, माती, शेवाळ यांनी नळी तुंबली की पाणी वरून सांडतं आणि सिलच्या पोकळीत जाऊन बसतं. तिथे पत्र्याचे एकावर एक थर आहेत, त्यामुळे बाहेर रंगाला फोड आलेले दिसतात तोवर आतला पत्रा कधीच गेलेला असतो.

म्हणून गाडी बघायला जाताना पाण्याची बाटली न्या आणि मालकाला विचारून टप अर्धवट उघडून सीटबेल्टमागच्या त्या कोपऱ्यात हळूहळू कपभर पाणी ओता, चाकापुढे लगेच धार लागली तर उत्तम, पाणी तिथेच तुंबलं किंवा सीटमागचं कार्पेट ओलं लागलं तर सिल आतून धड नाही असं धरूनच पुढचं बोला. मग मागच्या चाकापुढचा सिलचा शेवटचा वीतभर भाग अंगठ्याने जोरात दाबा, खालची कड बोटाने चाचपा. गंजक्या भोकात लांबी (पुट्टी) भरल्याचा संशय आला तर लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा, जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही. आणि खालून नवंकोरं काळं अंडरसील (गंजरोधक लेप) जाड थापलेलं असेल तर खूश होऊ नका, विकायच्या आदल्या आठवड्यात कोणी हौसेने अंडरसील मारत नाही!

एनबी असेल तर पुढचे चॅसी रेल, म्हणजे गाडीखालच्या पत्र्याच्या लांब पोकळ तुळया, बघितल्याशिवाय पैसे देऊच नका. पुढच्या सस्पेन्शनजवळ रेलच्या आत मजबुतीसाठी जादा पत्रा आहे, त्या दोन पत्र्यांमध्ये ओल अडकते आणि रेल फुगतो, जोड उकलतो. हे प्लॅस्टिकच्या खालच्या ट्रेमागे लपलेलं असतं. एमओटी, म्हणजे इथली सक्तीची वार्षिक तपासणी, झालीय म्हणून निर्धास्त राहू नका कारण तपासणारा माणूस कव्हर काढून बघत नाही, त्याला ती परवानगीच नाही. तरी नंबर टाकून सरकारी साइटवर जुना एमओटी इतिहास फुकट दिसतो तो नक्की वाचा, सिलजवळ गंज अशी सूचना दोन-तीन वर्षं येत राहिली आणि अचानक गायब झाली तर वेल्डिंगची बिलं मागा, फोटो असले तर अजून चांगलं. जपानहून आलेली युनोस रोडस्टर (तिथे एमएक्स-५ ला हे नाव होतं) बहुतेकदा खालून स्वच्छ असते, पण तिच्यावर अंडरसील नावालाच असतं, त्यामुळे इथले चार-पाच हिवाळे काढले की तीही त्याच रांगेत.

आता गाडी घेतली असेल तर आधी नळ्या मोकळ्या करा. तार घालू नका, नळी फाटते, गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी टोक गोल करून घाला आणि हे वर्षातून दोनदा, पानगळ संपल्यावर एकदा तरी हवंच.

वेल्डिंग करायचं असेल तर कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण, मारायच्या आधी, वॅक्स पेट घेतं. ते निपटलं की उन्हाळ्यात खालून मीठ-माती धुऊन काढा, गाडी चांगले काही दिवस कोरडी होऊ द्या, सुटा गंज तारेच्या ब्रशने घासा, रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं रसायन) लावा, वर प्राइमर-रंग. ओल्या सिलमध्ये वॅक्स मारणं म्हणजे पाणी आत ठेवून डब्याला झाकण लावणं. कॅव्हिटी वॅक्स बिल्ट हॅम्बरचं डायनॅक्स एस-५० घ्या किंवा डिनिट्रॉल, दोन्ही चालतात, महत्त्वाची आहे ती लांब नळी जिच्या टोकाला चहूबाजूंनी फवारा उडतो. सिलमधल्या रबरी बुचांतून ती पार टोकापर्यंत घाला आणि फवारत फवारत मागे ओढा. गार दिवशी डबा आधी कोमट पाण्यात ठेवा म्हणजे वॅक्स सांध्यांत नीट शिरतं. गाडीखाली जायचं तर स्टँड लावूनच, नुसत्या जॅकवर अजिबात नाही, आणि जॅक लावून सिलची कड दुमडली असेल तर तिथला फाटलेला रंगही याच वेळी उरका, गंज तिथूनही सुरू होतो.

ब्रेक डिस्क आणि एक्झॉस्ट झाकून घ्या. सिलच्या खालची निचऱ्याची भोकं वॅक्सने बुजली नाहीत ना ते दुसऱ्या दिवशी काडी घालून बघा, आणि पुढचे काही दिवस थेंब गळत राहतील, ड्राइव्हवेवर पुठ्ठा टाका नाहीतर घरून ऐकावं लागेल.