जँगो टेम्पलेटमधल्या लिंका: या चुका टाळा

जँगो या पायथनमधल्या वेब-चौकटीत काम करताना टेम्पलेटमध्ये (पानाच्या साच्यात) यूआरएल टॅग, म्हणजे नावावरून पत्ता बनवणारा टॅग टाकला, पान उघडलं आणि समोर आलं 'नोरिव्हर्समॅच', म्हणजे जुळणारा पत्ता सापडला नाही. अशा वेळी वैतागून पत्ता हाताने लिहून टाकू नका. आधी एरर शेवटपर्यंत वाचा. कोणतं नाव शोधलं, कोणती आर्ग्युमेंट (नावासोबत दिलेली माहिती) मिळाली, कोणते पॅटर्न (पत्त्यांचे नमुने) तपासले, सगळं तिथेच असतं.

नावच सापडत नसेल, तर ॲपला नेमस्पेस (नावाआधी लागणारा उपसर्ग) दिलाय का ते बघा. 'अ‍ॅप_नेम' दिलं असेल तर नुसतं 'तपशील' चालत नाही, 'कृती:तपशील' असंच लिहावं लागतं. नावाभोवतीचे अवतरणचिन्हही विसरू नका; जँगोच्या आवृत्ती 1.5पासून ते सक्तीचं आहे.

आर्ग्युमेंटच्या जागी रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) दिसली, तर चूक बहुधा व्ह्यूमध्ये, म्हणजे टेम्पलेटला माहिती पुरवणाऱ्या कोडमध्ये असते. व्ह्यूने 'कृती' या नावाने माहिती पाठवली आणि टेम्पलेटने ती 'रेसिपी' नावाने मागितली, तर एरवी जँगो गप्प राहतो आणि तिथे काहीच छापत नाही. यूआरएल टॅगमध्ये मात्र तीच चूक उघडी पडते.

मराठी साइटवाल्यांनी सगळ्यात जपायचं ते स्लगला, म्हणजे शीर्षकावरून बनवलेल्या पत्त्यातल्या तुकड्याला. पाककृतींच्या एका साइटवर माझी अख्खी संध्याकाळ यात गेली. 'पुरणपोळी' हे शीर्षक स्लगिफायला (स्लग बनवणाऱ्या फंक्शनला) दिलं, हातात आली रिकामी स्ट्रिंग, कारण ते मुळात फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवतं. त्याचा 'अलाऊ युनिकोड' हा पर्याय चालू केला तर आलं 'परणपळ'! पायथनचं रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधायची सोय) काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही, म्हणून त्या गळून पडतात. आपल्या भाषेची अशी मोडतोड पत्त्यात ठेवू नये. भर म्हणजे पॅटर्नमधला 'स्लग' कन्व्हर्टर (पत्त्याच्या त्या भागात काय चालेल ते ठरवणारा) देवनागरी स्वीकारतच नाही; तिथे 'एसटीआर' लागतो. माझा सल्ला: पत्त्यात आयडी ठेवा, किंवा रोमन स्लग हाताने भरा.

टॅगला 'ॲज' जोडून पत्ता व्हेरिएबलमध्ये घेत असाल तर जास्त सावध राहा. पॅटर्न जुळला नाही तरी एरर येत नाही, लिंक नुसती रिकामी राहते.

आणि आयडी जोडून हाताने केलेल्या लिंका? सेटिंगमध्ये हजारांचा स्वल्पविराम चालू असेल, तर 999व्या नोंदीपर्यंत सगळं सुरळीत चालतं. पुढच्या नोंदीच्या पत्त्यात 1,000 छापलं जातं आणि ते पान सापडत नाही. यूआरएल टॅगला मात्र मूळ आकडाच मिळतो, त्यात स्वल्पविराम नसतो.