स्वस्त जुनी गाडी घ्यावी की नाही, हे कसे ठरवावे?
मागितलेल्या किमतीत टायर, बॅटरी, विमा, नावबदल आणि पहिल्याच वर्षी निघणारे काम यांचा खर्च मिळवावा, आणि मगच गाडी स्वस्त आहे का ते ठरवावे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती 5 वर्षांसाठी वाढवावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो, त्यामुळे चौदा वर्षांच्या गाडीसाठी घासाघीस करताना हा खर्च आवर्जून पुढे करावा.

आरसीवरील, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरील, चासी क्रमांक (सांगाड्यावर कोरलेला क्रमांक) गाडीवरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे ना हरकत पत्र आणि आरसीवरून हा बोजा उतरवण्यासाठी लागणारा सही-शिक्क्याचा फॉर्म 35 हाती आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये.

गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असावे, कारण आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनाचे सुरू होतानाचे दुखणे लपून जाते. ऑइलचे झाकण उघडून आतल्या बाजूने बोट फिरवावे. दुधाळ, चिकट थर लागला तर ऑइलमध्ये पाणी जात असल्याची शंका घ्यावी. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल, तर इंजिन ऑइल जाळते आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुर्लक्षित रेडिएटर हमखास दगा देतो, म्हणून भर दुपारी एसी लावून अर्धा तास गाडी चालवावी आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे.

आपण जालना किंवा हिंगोलीच्या एखाद्या तालुक्यात राहत असू आणि प्रत्येक सुट्या भागासाठी छत्रपती संभाजीनगर गाठावे लागणार असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी ती गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.